पुढचं डावं

आधी आवाज येतो.
साठच्या पुढे गेलं की खालून घुमतो,
उजवीकडे वळलं की वाढतो, डावीकडे वळलं की दबतो.
लोक म्हणतात टायर. टायर बदलतात.
मग येतात आसूदच्या उतारावर, माझ्याकडे,
आणि मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली टेकवून
मूठ कानाशी धरतो,
जसा माझा बाप फणसावर थाप मारून ऐकायचा.

भालचंद्र पावशेची पांढरी गाडी तिसऱ्यांदा आली.
पहिलं बेअरिंग अठ्ठावीस हजारांवर गेलं,
दुसरं त्यानंतर नऊ हजारांत,
हे तर जेमतेम सहा.
रत्नागिरीला कंपनीवाले म्हणाले, पाणी शिरलंय,
वॉरंटीत बसत नाही.
भालू म्हणाला, मुनाफभाय, माल खोटा येतोय.

जॅक लावला. चाक बारा-सहाला धरून हलवलं.
केसभर हललं.
चाकाच्या बाबतीत केसभर म्हणजे गेलंच.

माल खोटा नव्हता.
प्रेसवर हब सोडवला, सील उचललं:
ग्रीस फाटलेल्या दुधासारखं,
रेसवर खवले.
माशाला असतात ते त्याला राखायला,
लोखंडाला येतात ते संपताना.
बोटावर चोळून बघितलं,
वाळू, आणि शिंपल्याचा एक कण,
नखापेक्षा पातळ.

शनिवारच्या गाड्या मला माहीत आहेत.
कर्द्याच्या पुळणीवर पाणी उडवत पळतात,
एकजण फोन धरून बाहेर उभा,
सोमवारी चारी हबांत समुद्र.
ह्याचं तसं नाही. तीन चाकं ठणठणीत.
तीनदा एकच, पुढचं डावं.
म्हणजे ही गाडी पळत नाही,
उभी राहते.
तोंड उत्तरेला, डावी कूस पाण्याला,
आणि त्या बाजूचं दार कुणीतरी उघडतं.

कुणाला नेतोस रे, मी विचारलं.

भालू पान्यांच्या खोक्याकडे बघत राहिला.
पोशा तांडेलाचं उजवं अंग गेलं त्याला दोन वर्षं झाली.
जीभ अडखळते, पण हुकूम सोडते.
रोज भरतीला त्याला उचलून सीटवर ठेवायचं,
पुळणीवर गाडी उतरवायची,
आणि तो म्हणत राहतो, आजून पुरं ने, आजून पुरं,
चाक अर्धं बुडेपर्यंत.
मग डावा पाय दाराबाहेर सोडतो.
लाट घोट्याला लागली की गप्प होतो.
कधी पाऊण तास.
कधी मध्येच सांगतो, उद्या जाळं कुठे टाका,
आणि भालू म्हणतो, हो,
होडी विकलीय हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी बेअरिंगचंच बोललो.
दिवसभर बर्फाच्या खेपा मारून हब तापलेला असतो,
तसाच खाऱ्या पाण्यात घातलास की आतली हवा आवळते
आणि सीलचा ओठ एक घोट घेतो.
दिसत नाही. रोज एक.
नेऊ नको, हे तोंडात आलं होतं.
म्हटलं, अर्धा तास थंड होऊ दे, मग घाल.
परत आलास की गोड्या पाण्याची बादली, आतल्या बाजूने.

म्हातारा थांबेल अर्धा तास?
तो थांबेल, भालू म्हणाला, भरतीला विचार.

बेअरिंग चार हजार दोनशे, मजुरी आठशे,
प्रेसचे तीनशे.
प्रेसचे सोडावेत असं मनात आलं. लावले. धंदा आहे.

जुनं भंगाराच्या डब्यात टाकणार तर त्याने हात धरला.
आधीची दोन आहेत का?
बाबाला हवीत. शिसं महागलंय म्हणतो,
जाळ्याच्या खालच्या दोरीला बांधतो,
डाव्या हाताने गाठ मारतो, दातांनी आवळतो.
कुठलं जाळं, ते मी विचारलं नाही.

एक दाराच्या फटीत होतं, पाचर म्हणून.
एक टेबलावर, बिलांवर वजन म्हणून.
तिन्ही पुसून दिली.
गाडी उतार उतरून गेली, आवाज नव्हता,
म्हणून जरा जास्तच वेळ ऐकत राहिलो.
मग पंखा लावला
आणि सगळी बिलं उडाली.